चोपन्न व्होल्टचं वेड

हल्ली मी भेटेल त्याला एकच प्रश्न विचारते: तुमच्या घरातल्या वायफायच्या डब्याला किती व्होल्ट लागतात? माणसं आधी माझ्याकडे बघतात, मग ॲडॉप्टर पालथा करून, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचतात आणि सांगतात, बारा. बरं, लाईट गेल्यावर तो कशावर चालतो? इन्व्हर्टरवर. आणि इन्व्हर्टरची बॅटरी कितीची? बाराची! आता बघा हं. बारा व्होल्टची बॅटरी आहे, इन्व्हर्टर तिचे दोनशे तीस करतो, ते दोनशे तीस भिंतीतून फिरून ॲडॉप्टरमध्ये येतात आणि ॲडॉप्टर त्यांचे परत बारा करतो. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? वाटेत शंभरातले साधारण तीस तरी उष्णता होऊन उडून जातात, वर इन्व्हर्टर स्वतः जागा राहायला खातो ते वेगळंच. भारनियमनाच्या वर्षांत आपण सगळ्यांनी घरोघरी इन्व्हर्टर बसवले आणि हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नाही. निदान माझ्या तरी आला नव्हता.

मी हिशेब लिहिणारी बाई. माझ्या आतेभावाचा, दादाचा, बिनतारी इंटरनेट जोडणीचा छोटा धंदा आहे आणि त्याची बिलं, जीएसटी, कोटेशनं मी सांभाळते. ऑफिस द्वारकेला. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता जिथे एकमेकांना भिडतात तो हा चौक. ज्याला नाशकात कधी ना कधी कुठे जायचं असतं तो इथे एकदा तरी अडकलेला असतोच. आमच्या इमारतीच्या गच्चीवर लोखंडी मास्ट आहे, त्यावर तीन लहान रेडिओ आसपासच्या वस्तीकडे तोंड करून, आणि एक मोठी डिश आडगावच्या बाजूला. तिथून पुढे द्राक्षांची शेडं आणि गोदामं यांना जोडणी जाते. ५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा मोठा पट्टा २०१८ साली केंद्र सरकारने परवानामुक्त केला आणि असले छोटे धंदे सोपे झाले, एवढं मला कागदपत्रांमुळे माहीत होतं. वर काय चालतं आणि कशावर चालतं याच्याशी माझा संबंध नव्हता.

मग एक दिवस टेबलावर पॉवर सप्लायची तीन कोटेशनं आली. तिन्हींवर व्होल्ट तेच, अँपियर तेच, आणि सगळ्यात महागाची किंमत सगळ्यात स्वस्ताच्या चौपट! हिशेबाच्या माणसाला हे सहन होत नाही. मी दादाला विचारलं, एवढा फरक कशाचा? तो फोनवर होता, हाताने वर गच्चीकडे खूण केली. म्हणजे मामांना विचार.

मामा आमचे टॉवरवर चढणारे. सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी मला प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही, हातात मल्टिमीटर दिला आणि म्हणाले, "ताई, आधी वरचे काय खातात ते मोजा, मग खालचा स्वयंपाक ठरवू."

आणि काय सांगू! लहान रेडिओ प्रत्येकी आठ वॅट. लांब पल्ल्याचा मोठा वीस. खालचा स्विच दहा. तीन आठे चोवीस, वीस, दहा: चोपन्न वॅट! एवढ्या वस्तीचं इंटरनेट, इतक्या मुलांचे क्लास, दुकानांचे क्यूआर, बायकांच्या मालिका, आणि सगळ्याला मिळून जुन्या साठच्या पिवळ्या बल्बपेक्षाही कमी! मी दोनदा बेरीज केली. मला वाटलं होतं टॉवर म्हणजे गिरणीसारखी वीज ओढत असणार.

मग मी म्हटलं, झालं तर, साठ वॅटचा सप्लाय घ्या आणि मोकळे व्हा. मामा हसले. इथून खरी गंमत सुरू होते.

टॉवरवरचे रेडिओ नुसत्या सप्लायच्या भरवशावर नसतातच, खरा भरवसा बॅटरीचा! सप्लायचं काम बॅटरीला भरून ठेवण्याचं. लाईट असताना दोघं एकाच तारेला जोडलेले, सप्लाय रेडिओंनाही पुरवतो आणि बॅटरीलाही थोपटत बसतो. लाईट गेली की बॅटरी आपली आहे तिथेच आहे, कुठला खटका पडायचा नाही, काही बदलायचं नाही, रेडिओला कळतसुद्धा नाही. एकलहऱ्याचं वीज केंद्र हाकेच्या अंतरावर असून आपल्याकडे पहिल्या पावसाच्या शिंतोड्याला लाईट जाते, तेव्हा ही व्यवस्था किती देखणी आहे ते उमगतं. म्हणजे सप्लाय निवडायचा तो बॅटरीच्या तोंडाकडे बघून. रेडिओचा नंबर नंतर. हे एकदा डोक्यात शिरलं आणि तिन्ही कोटेशनांमधला एकेक आकडा माझ्याशी बोलायला लागला.

उदाहरणार्थ, व्होल्ट. ४८ व्होल्टची बॅटरी, म्हणजे बाराच्या चार एका माळेत. मग सप्लाय ४८चा? नाही! अठ्ठेचाळीसने अठ्ठेचाळीस भरत नाही. शिसे-आम्लाच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सेल असतात, अठ्ठेचाळीसला चोवीस सेल, आणि प्रत्येकाला भरलेलं राहायला साधारण सव्वादोन व्होल्ट लागतात. चोवीस गुणिले सव्वादोन: ५४. बाराच्या एका बॅटरीला साडेतेरा ते पावणेचौदा, चोवीसच्या जोडीला सत्तावीसच्या वर. स्वस्तातला जो ४८चा पत्र्याचा डबा होता त्याच्या कोपऱ्यात एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून व्होल्ट वर-खाली करता येतात, पण बहुतेक डब्यांत साधारण दहा टक्केच. अठ्ठेचाळीस आणि वर चार पॉइंट आठ, बावन्न पॉइंट आठ. चोपन्नला जातच नाही! बॅटरी कायम अर्धपोटी, आणि अर्धपोटी शिसे-बॅटरी लवकर मरते. कोटेशन द्यायला आलेल्या माणसाने मला ठासून सांगितलं होतं, मॅडम, अठ्ठेचाळीसला अठ्ठेचाळीसच घ्यायचा. आता तो परत यावा म्हणून मी वाट बघतेय.

तैवानच्या मीन वेल कंपनीची, १९८२ सालची ही कंपनी, माहितीपत्रकं मी आता वर्तमानपत्रासारखी वाचते. त्यांच्या एडी-१५५ मालिकेत तीन भावंडं आहेत: १३.८, २७.६ आणि ५४ व्होल्ट. आकडे बघूनच मला आनंद झाला, कारण ते बॅटरीच्या भाषेतले आकडे होते. पण थांबा, त्यात बॅटरीकडे जाणारा प्रवाह इवलासा असतो, छोट्या बॅटरीपुरता. मोठी बॅटरी लावली तर ती भरायला दिवसच्या दिवस जाणार, आणि त्याआधी परत लाईट जाणार. माहितीपत्रक पहिल्या पानावर संपत नाही, हे लक्षात ठेवा.

कारण वॅटचं गणित सगळं इथेच फिरतं. आमच्या माळेत २६ अँपियर-तासाच्या चार बॅटऱ्या. रेडिओंना चोपन्न वॅट, चोपन्न व्होल्टला, म्हणजे बरोबर एक अँपियर. (हा योगायोग मी घरी जेवताना सांगितला. कुणी दाद दिली नाही.) बॅटरीला तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाने भरायचं, म्हणजे २.६ अँपियर. एकूण ३.६. गुणिले चोपन्न: १९४ वॅट! चोपन्न वॅटच्या संसाराला दोनशे वॅटचा कमावता लागतो, कारण रात्रभराची उसनवारी सकाळी फेडायची असते. साठ वॅटचा डबा लावला असता तर रिकामी बॅटरी जोडल्या क्षणी तो दबला असता. पुष्कळ सप्लाय अशा वेळी स्वतःला वाचवायला बंद होतात, क्षणाने परत उठतात, परत बंद होतात. उचकी लागल्यासारखे. लाईट आली आहे आणि तरी टॉवर बंद, असं जे कधी कधी होतं ते यामुळे.

आणि हा आकडा ५४ आला कुठून, तर टेलिफोनमधून! मुंबईत १८८२ साली पहिलं टेलिफोन एक्स्चेंज उघडलं. पुढे एक्स्चेंजमधल्या एकाच मोठ्या बॅटरीवरून सगळ्या ग्राहकांचे फोन चालवायची पद्धत जगभर आली आणि चोवीस सेलची, ४८ व्होल्टची माळ रूढ झाली. लांबच्या तारेला पुरेल इतका जोर, आणि तरी साठ व्होल्टच्या आत, म्हणजे कोरड्या हाताला सहसा इजा न करणारा. तेही उलटं जोडलेलं: अधिक टोक जमिनीला, तारेत उणे अठ्ठेचाळीस, कारण तसं केल्याने ओल्या जमिनीतलं तांबं गंजून झिजत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या ओल्या केबलची काळजी आजच्या मोबाइल टॉवरच्या रेक्टिफायरमध्ये तशीच जिवंत आहे! म्हणूनच टेलिकॉमचा जुना रेक्टिफायर भंगारात स्वस्तात मिळाला म्हणून लगेच उचलायचा नाही. त्याचं अधिक अर्थिंगला, आपल्या रेडिओचं उणे अर्थिंगला, दोन्ही एकाच लोखंडी मास्टवर आले की शॉर्ट. मध्ये दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा कन्व्हर्टर लागतो.

नेटवर्कच्या तारेतूनच वीज पाठवायचा जो प्रमाणित मार्ग २००३ साली ठरला, ८०२.३एएफ, त्यात पुरवठ्याच्या टोकाला ४४ ते ५७ व्होल्ट चालतात. टेलिफोनची बॅटरी रिकामी होते त्रेचाळीसच्या आसपास आणि भरलेली राहते चोपन्नला. जवळजवळ तोच पट्टा! हे मला कळलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच होते आणि टाळी वाजवली.

पण सगळ्या रेडिओंना ते पटत नाही. आमचे लहान रेडिओ २४ व्होल्टचे, चौथी-पाचवी तार अधिक, सातवी-आठवी उणे, काही विचारपूस नाही, सरळ वीज सोडायची. त्यांच्यासाठी चोपन्नचे चोवीस करणारा छोटा कन्व्हर्टर. मोठ्या रेडिओला मात्र अठ्ठेचाळीसच का, ते मामांनी तार हातात घेऊन दाखवलं.

खालच्या खोलीपासून मास्टच्या टोकापर्यंत चाळीस मीटर केबल. शुद्ध तांब्याची चांगली कॅट-५ई असेल तर जाण्या-येण्याचा मिळून साडेतीन ओहमच्या आत रोध. वीस वॅटचा रेडिओ चोवीस व्होल्टवर चालवला तर वाटेत तीन व्होल्टांहून जास्त गळतात. अठ्ठेचाळीसवर दीडच्या आत. तारेत वाया जाणारी वीज पाचपट कमी! आता मामांनी केबलच्या दुसऱ्या गुंडाळीचं टोक सोललं आणि ब्लेडने एक तार खरवडली. वरून लालसर तांबं, आणि एका घासात आत पांढरंफटक. ॲल्युमिनियम! बाजारात ही तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते, रंग तोच, छाप तोच, वजनाला मात्र हलकी. रोध दीडपट. त्या केबलवर चोवीसचे रेडिओपाशी पोचेपर्यंत साडेअठरा होतात.

पण थरार पुढेच आहे. रेडिओला वॅट हवेत, व्होल्टचं त्याला देणंघेणं नाही. व्होल्ट कमी आले की तो प्रवाह जास्त ओढतो. प्रवाह वाढला की तारेत जास्त गळतं. गळलं की व्होल्ट आणखी कमी. की तो आणखी ओढतो. चोवीसची बॅटरी उतरत उतरत २१ व्होल्टला आली की या केबलच्या वरच्या टोकाला चौदासुद्धा उरत नाहीत, आणि २० व्होल्टला तर ते गणितच सुटत नाही, वीस वॅट त्या तारेतून जाऊच शकत नाहीत! रेडिओ बंद पडतो, प्रवाह थांबतो, व्होल्ट वर येतात, रेडिओ उठतो, ओढतो, परत पडतो. ग्राहकाला वाटतं रेडिओ बिघडला, कंपनीला वाटतं रेडिओ बिघडला, आणि दोष असतो चाळीस मीटर पांढऱ्या धातूचा. मी कागदावर हे वर्गसमीकरण सोडवलं. दहावीनंतर पहिल्यांदाच, आणि चक्क उपयोगासाठी.

बॅटरीला पूर्ण उतरू द्यायचंच नाही यासाठी एक कटऑफ असतो, त्रेचाळीसच्या जरा वर-खाली व्होल्ट आले की सगळा भार तोडणारा. यातलीही खुबी ऐका: भार सुटला की थकलेल्या बॅटरीचे व्होल्ट आपोआप वर चढतात. त्यामुळे परत जोडायचा आकडा बराच वर, पन्नासच्या पुढे ठेवायचा, म्हणजे लाईट येईपर्यंत तो जोडणारच नाही. दोन आकडे जवळ ठेवले तर रिले रात्रभर टक-टक करत बसतो. मामांनी मुद्दाम जवळ ठेवून मला ते ऐकवलं.

आता उन्हाळा. नाशिक थंड हवेचं, असं आपण पाहुण्यांना सांगतो, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढे जातोच, आणि गच्चीवरच्या बंद पत्र्याच्या पेटीत त्याहून किती वर, ते हात लावून बघा. सप्लायवर छापलेले वॅट बहुधा पन्नास अंशांपर्यंतचे असतात, पुढे ते उतरत जातात. माहितीपत्रकात उताराची रेघच काढलेली असते. आतल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं, बॅटरीचंही तसंच. मग पंखा असलेला घ्यावा? द्वारकेला नाही! इथे दिवसरात्र ट्रक रेटत असतात, उड्डाणपूल झाला तरी खालची धूळ आणि डिझेलचा धूर आहेच. जुन्या सप्लायचं झाकण मामांनी उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर काळी, बोटाने सोलून काढता येईल अशी साय बसलेली, आणि पंखा कधीच थांबलेला. डोंगरावर, मोकळ्या हवेत पंखा ठीक असेल. चौकात बिनपंख्याचा, गरजेपेक्षा मोठा, अर्ध्या जोरावर आरामात चालणारा डबा हवा. दोनशेच्या गरजेला आम्ही तीनशेच्या पुढचा धरला तो यासाठी.

किमतीतल्या चौपट फरकाचं शेवटचं कोडं मात्र मी स्वतः सोडवलं, बाबांच्या जुन्या ट्रान्झिस्टरने. मीडियम वेव्हवर, कुठलंही स्टेशन नाही अशा जागी काटा ठेवायचा आणि चालू सप्लायजवळ न्यायचा. महागड्याजवळ किंचित सरसर. स्वस्ताजवळ असा खर्रर्र आवाज आला की खालच्या मजल्यावरून विचारणा झाली! झाकण काढलं तर कारण समोरच: जिथे गोंगाट गाळणारी गुंडाळी बसायला हवी तिथे सर्किटच्या पाटीवर जागा आखलेली, नावही छापलेलं, आणि गुंडाळीऐवजी दोन वाकवलेल्या तारा. पैसे वाचवले ते हे. आमच्या ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओला या खरखरीचा थेट त्रास होत नाही, ती फार खालच्या लहरींत असते. पण शेजाऱ्याच्या रेडिओला होतो, हॅम रेडिओवाल्या मंडळींना होतो. आणि आमच्याच चौकातून सुटणारा पुण्याचा रस्ता धरला की नारायणगावजवळ खोडदच्या आसपास पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश आकाशाचा आवाज ऐकत बसल्यात, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या. त्या दुर्बिणीला तर असल्या खरखरीचं वावडंच. त्या रस्त्याने मी इतक्यांदा गेले, आणि आता पहिल्यांदा वाटलं, गाडीतला चायनीज मोबाइल चार्जर काढून ठेवावा.

आडगावच्या पुढचं टोक शेतात आहे, तिथे व्होल्ट कधी एकशेसाठ तर कधी दोनशेऐंशी, त्यामुळे तिथे ८५ ते २६४ चालणारा, आणि वरचा झटका काही सेकंद सोसणारा सप्लाय, पुढे वेगळा सर्ज प्रोटेक्टर. खरं तर तिथे सोलरच हवं. शेजारच्या पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून खामलोलीसारख्या गावांत इंटरनेट नेलं, २०१७ साली त्याला मोझिलाच्या स्पर्धेत पारितोषिकही मिळालं; त्यांनी सौर ऊर्जेवर चालणारी कमी खाणारी यंत्रं वापरली. पॅनेलमधून डीसी, बॅटरीत डीसी, रेडिओला डीसी. एकदाही दोनशे तीस नाही! मला हे ऐकून अक्षरशः हेवा वाटला.

तर आम्ही मधल्या कोटेशनचा सप्लाय घेतला, ५४ला नीट पोचणारा, पंखा नसलेला, गुंडाळी जागेवर असलेला. दिवसा खरखर नाही, रात्री उचकी नाही, आणि कागदावर रात्रभराहून जास्त बॅकअप. दादा म्हणाला, "तू आता बिलं सोडून टॉवरवर चढ." मी चढणार नाही, मला उंचीची भीती वाटते. पण त्याने परवा लिथियम फॉस्फेटच्या बॅटरीचं कोटेशन माझ्या टेबलावर ठेवलंय: १६ सेल, ३.२ व्होल्टचा एक, मिळून ५१.२. चोपन्नला सोळाने भागलं तर सेलला ३.३७५ येतात, म्हणजे हाच सप्लाय बहुतेक चालेल, फक्त कटऑफचे आकडे बदलावे लागतील, कारण लिथियमचे व्होल्ट शेवटपर्यंत सपाट राहतात आणि मग एकदम कोसळतात. कुठल्या आकड्याला तोडायचं यावर मामांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. ते अठ्ठेचाळीस म्हणतात, मी म्हणते शेहेचाळीस.